कूलरसमोर सात अक्षरं

आज दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. नागपुरात धरमपेठेत ताईकडे कूलरसमोर भाच्यासोबत स्क्रॅबल मांडला, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जोडून इंग्रजी शब्द करायचा खेळ. त्याच्या वाट्याला सात अक्षरं आली, पण ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही नाही. "मामा, व्हॉवेलच येऊन नाही राहिले ना!" रडगाणं सुरू. म्हटलं, वाय आहे ना तुझ्याकडे? क्रिप्ट, निम्फ, लिंच, सगळे पाच अक्षरांचे आणि सगळे त्या वायच्या जिवावर. सहाचा हवा तर रिदम.

मी आधी शब्दाचं शेपूट बघतो. आय-एन-जी असेल तर ते उजवीकडे सरकवायचं, मग डोकं उरलेल्या चार अक्षरांतच चालवायचं. सातही एकदम लागली की वर ५० गुण!

हा खेळ १९३०च्या दशकात अल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने बनवला, तोही हातचं काम गेल्यावर. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते पठ्ठ्या वर्तमानपत्रांत मोजत बसला. म्हणून ईच्या १२ सोंगट्या, क्यू आणि झेडची एकेकच, प्रत्येकी १० गुणांची. एस मात्र मुद्दाम चारच, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. मला ही चलाखी फार आवडते.

भाच्याच्या आजीने विचारलं, "मराठीत काऊन नाही खेळत तुम्ही?" आता काना, मात्रा, वेलांटीच्या सोंगट्या वेगळ्या ठेवायच्या का? आणि जोडाक्षरांचं काय? कोणी घरी करून पाहिलं असेल तर कमेंटमध्ये सांगा.