झोंबी सिनेमाला किती पैसे लागतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला लग्नाच्या शूटिंगात अक्षता पडायच्या आधी विचारतात, नाहीतर पंगतीत. विचारणारी पोरं खानापूर, निपाणीकडची. हातात बरा मोबाइल, डोक्यात 2022 चा ‘झोंबिवली’. मराठीत झोंबी चालतो म्हटल्यावर सगळ्यांनाच हुरूप आलाय. पण त्यात नावाजलेले नट होते, मागं पैसा होता. तुमची भावकी वेगळी आहे.

त्या भावकीतला थोरला जॉर्ज रोमेरो. हॉलिवूडपासून लांब, पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि छोट्या फिल्मा काढून पोट भरायचा, म्हणजे आमच्याच धंद्यातला. त्याचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ 1968 साली आला, साधारण 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये. सुरुवातीला दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर काढले, भिशी लावावी तसे. शेतातलं एक पाडायला निघालेलं घर मिळालं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, सिनेमा कृष्णधवल असल्यामुळं खपून गेलं. आणि एवढं करून शेवटी सिनेमाचं नाव बदललं, तेव्हा पडद्यावरच्या नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळच घालायची राहून गेली. अमेरिकेत तो सिनेमा कुणाच्याच मालकीचा उरला नाही, ज्यानं त्यानं छापून विकला. तेव्हा बाबांनो, पाट्या दोनदा वाचा.

झोंबी हे सगळ्यात स्वस्त भूत. आपल्या हडळीचे पाय उलटे दाखवायचे, खवीस अंगापिंडानं दांडगा पाहिजे, वेताळाला तर अख्खी पालखी आणि लवाजमा. झोंबीला नुसता माणूस लागतो. मान वाकडी करून पाय ओढत चालला की काम झालं. पाठांतर नाही, डबिंग नाही, मराठी की कन्नड हा प्रश्नच नाही. आपल्या भागात ही सोय लहान समजू नका.

रंगभूषेला तरी पैसे लागतीलच की, म्हणतात. अरे, बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथावर सजीव देखावे करणारी गल्लोगल्लीची पोरं काय करतात? अफझलखानाचा कोथळा दरवर्षी निघतोच ना? मिशा चिकटवायचा गम घ्यायचा, त्यावर टिश्यू पेपरचे थर, वाळत आले की नखानं मधोमध फाडायचं, कडा वर उचलायच्या आणि आत काळपट लाल रंग भरायचा. हातभर अंतरावरून सडलेली कातडी वाटते. रक्त साखरेच्या पाकाचं करा, पण पाक दाट ठेवा आणि रंगात चिमूटभर कोको घाला, नाहीतर कॅमेऱ्यात ते रसना दिसतं. मुंग्यांचं मात्र बघा. गवतात मेलेला झोंबी मुंग्यांनी उठवलेला मी पाहिलाय, चांगला शॉट वाया गेला.

मार्क प्राइस नावाच्या ब्रिटिश गड्यानं 2008 मध्ये ‘कॉलिन’ केला. खर्च सांगतो 45 पौंड. त्यात एक पहार, थोड्या टेपा आणि चहापाणी. मेकअपवाले आपापलं सामान घेऊन फुकट आले. त्या 45 पौंडांचं फार कौतुक होतं, मला ते तितकंसं पटत नाही. फुकट राबलेल्या माणसांचा हिशेब त्यात कुठं आहे? पण गोष्ट झोंबीच्याच बाजूनं सांगायची, हे त्याला सुचलं, आणि ते 45 पौंडांतही येत नाही.

नायजेरियाचा ‘ओजुजू’ 2014 चा. लागोसमधली एक वस्ती, आत-बाहेर जायला एकच वाट, पाण्याची एकच सोय आणि तेच पाणी दूषित. कथा तिथंच उभी राहिली. खानापूरकडच्या बंद कौल कारखान्यात ‘भारी लोकेशन’ म्हणून नुसतं भटकणाऱ्यांनी हा आधी बघावा. पडक्या भिंती सगळ्यांकडंच असतात.

पण एकच बघणार असाल तर जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’ बघा. शिनिचिरो उएदाचा, 2017 चा, तीसेक लाख येनमध्ये झालेला. नट जवळजवळ अनोळखी, अभिनयाच्या कार्यशाळेतले. सुरुवातीची 37 मिनिटं एकच सलग शॉट, आणि ती बघताना तुम्ही म्हणणार, काय फालतू काढलंय! मधेच कुणीतरी उगाच थांबतंय, उगाच बडबडतंय. थिएटरमधून उठू नका. पुढं काय होतं ते सांगून मजा घालवत नाही. एवढंच सांगतो, पैसे कमी असल्याचं त्यांनी लपवलं नाही, त्याचीच गोष्ट केली. टोकियोत दोन थिएटरांत लागलेला तो सिनेमा पुढं जपानभर पसरला आणि तीन अब्ज येनच्या वर गेला.

म्हणजे पैसे कुठं लागतात? जेवणाला. तीस-चाळीस झोंबी रात्रभर उभे करायचे तर दोनदा चहा, एकदा पोटभर जेवण आणि पहाटे घरी सोडायला टेम्पो. यात काटकसर केलीत तर दुसऱ्या रात्री निम्मे झोंबी येत नाहीत. कॅमेरा मी भाड्याशिवाय देईन. पण आधी मला सांगा, दार लावून आत बसलेली माणसं कोण आहेत? तिथं बहुतेक जण गप्प होतात.

परवा चिकोडीच्या एका मुलीनं सांगितलं, दोन जावा, वाटणीवरून सहा वर्षं बोलणं बंद, घराच्या मधोमध भिंत घातलेली आणि विहीर पलीकडच्या अंगणात. मी हातातला ट्रायपॉड खाली ठेवला आणि म्हटलं, पुढं?