दारावर फॉर्म घेऊन जायच्या आधी

शिकागोत पीएचडी करताना मागच्या स्प्रिंगला माझ्या गळ्यात एक कोर्स पडला. बॅचलर्सची 14 पोरं, आणि काम काय तर लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीतल्या लोकांबरोबर रिसर्च करायचा. 'बरोबर' हा शब्द सिलॅबसमध्ये ठळक केलेला. लिहायला काय जातंय.

वस्तीच्या कडेला कोळशावर चालणारं वीज केंद्र होतं, 1924 पासूनचं, ते 2012 ला बंद झालं. मग 11 एप्रिल 2020 ला, ऐन कोविडमध्ये, त्याची चिमणी सुरुंग लावून पाडली आणि धुळीचा लोट सगळ्या घरांवर आला. आता तिथे भलंमोठं गोदाम आहे आणि ट्रकच ट्रक.

आधी एथिक्सचं ऑनलाइन ट्रेनिंग. पोरांनी नेक्स्ट नेक्स्ट करत एका संध्याकाळी उरकलं (मीही माझ्या वेळी तेच केलेलं, खोटं कशाला बोलू). मग मी वर्गात टस्कीगीचं प्रकरण नीट वाचायला लावलं, 1932 ते 1972, सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टर नुसते बघत राहिले, पेनिसिलिन मिळायला लागल्यावरसुद्धा दिलं नाही. एक कृष्णवर्णीय मुलगी म्हणाली, आमच्या घरी फ्लूची लस घ्यायची वेळ आली की दरवर्षी हे नाव निघतं. त्यानंतर कोणी मोबाईल बघितला नाही.

पहिली मीटिंग चर्चच्या तळघरात. पोरांनी दम्यावरचा 42 प्रश्नांचा सर्व्हे हौसेने दाखवला. समोर बसलेल्या एका आजींनी शांतपणे पर्समधून व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, रबरबँड लावलेला. म्हणाल्या, यातला प्रत्येकजण रिपोर्ट पाठवतो म्हणाला होता. मला आमचा एनएसएसचा कॅम्प आठवला, गावात घरोघरी जाऊन शौचालय आहे का, गुरं किती असले फॉर्म भरले होते, ते कॉलेजच्या कपाटातून बाहेर आलेले मी तरी पाहिले नाहीत. अमेरिकेतल्या फॉर्मवर मीपण 'पीपल ऑफ कलर'मध्येच (म्हणजे गोरे नसलेल्यांत) मोडते, पण त्या खोलीत मी युनिव्हर्सिटीकडची बाई होते, संपलं.

दमा आहे हे आम्हाला माहितीय, ट्रक मोजा, असं आजींचं म्हणणं. आम्ही सकाळी दहा ते चार ठरवलं, कारण पोरांच्या क्लासच्या वेळा तशा, तर बाकीच्या बायका हसल्याच. ट्रक पहाटे पाचपासून सुरू होतात आणि पोरं साडेसातला शाळेत जातात, तेव्हा या म्हणाल्या. मग वेळा आणि कोपरे त्यांनीच ठरवले. सरावाला दोघांना एकाच कोपऱ्यावर क्लिकर (बटण दाबून मोजायचं यंत्र) देऊन उभं केलं तर एकाचे 61 आणि दुसऱ्याचे 48, कचऱ्याची गाडी ट्रकमध्ये धरायची का यावर भर थंडीत अर्धा तास भांडण!

खरा जीव खाल्ला कागदांनी. मोजणीबरोबर शेजाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, त्याचा संमतीचा फॉर्म चार पानी, इंग्रजीत, खाली सही. ज्यांच्याकडे व्हिसाची कागदपत्रं नाहीत ते कशाला सही करतील? नियमात तोंडी संमतीची सोय आहे, त्यासाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज टाकला, तो दोनदा दुरुस्तीला परत आला, आणि परवानगी मिळाली तेव्हा 15 आठवड्यांच्या सेमिस्टरचा नववा आठवडा चालू होता. वर अकाउंट्सवाल्यांना मुलाखत देणाऱ्यांच्या 25 डॉलरच्या गिफ्ट कार्डसाठी प्रत्येकाचा सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखा सरकारी नंबर) हवा! तीन आठवडे मेल करकरून शेवटी नावाऐवजी कोड नंबर चालतील म्हणाले. हे सगळं पोरांना सीसीमध्ये ठेवून केलं, माझ्या मते कोर्समधलं सगळ्यात कामाचं शिक्षण तेच झालं.

मे महिन्यात ग्रेड लागल्या आणि पोरं पांगली. तिघंजण थांबले, त्यांच्याबरोबर स्पॅनिशमध्ये दोन पानी रिपोर्ट करून आजींकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून तक्त्यावरून बोट फिरवलं, आणि एका रिकाम्या रकान्यावर थांबल्या. "मंगळवारी सहा ते सात?"

ज्याची पाळी होती तो पोरगा माझ्या शेजारीच बसला होता. म्हणाला, झोप लागली होती.

आजींनी कॅलेंडर आणलं आणि पुढचा मंगळवार कधी ते बघायला लागल्या.