आमची वाटचाल : पेटीपासून मेंडोलिनपर्यंत

ठाकूरद्वारच्या आमच्या दुकानात पूर्वी फक्त पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त व्हायच्या. ऐंशीच्या दशकानंतर सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात कीबोर्ड शिरला, वादकांची बोलावणी आटली, आणि त्यांच्या वांद्रे-वसईच्या घरांतल्या माळ्यांवरून गिटारी, मेंडोलिनं आमच्याकडे येऊ लागली. मेंडोलिनच्या तारांच्या चार जोड्या व्हायोलिनच्याच सुरांत लागतात, त्यामुळे व्हायोलिनवाल्यांची बोटं त्यावर सहज फिरत. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर या वाद्यावर राग उभे केले; वडील त्यांचे भक्त. वडिलांनीच पहिलं मेंडोलिन दुरुस्तीला घेतलं. जुनी वाद्यं विकत घेऊन विकायला मी सुरुवात केली.

मुंबईची हवा या वाद्यांना मानवत नाही. स्टीलच्या तारांचा ताण ७० किलोच्या आसपास असतो. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगलं, की गिटारचं पोट वर येतं, मान पुढे झुकते आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या उंच जातात की बोटं सोलतात. मग सांध्यात वाफ सोडून मान काढायची, तिची टाच, म्हणजे पोटाला जोडलेला भाग, थोडी तासायची आणि पुन्हा सरसानेच बसवायची. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पुढच्या कारागिरालाही सांधा उघडता येतो. एपॉक्सी हा पक्का रासायनिक गोंद भरलेली मान काढताना लाकूडच फाटतं, ते बघवत नाही. जुनं पॉलिश तर आम्ही कधीच खरवडत नाही.

वाद्य आलं की आधी आरसा आणि टॉर्च घेऊन आत बघायचं. मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या गिटारचं काम सोपं : १८९८ पासून वाद्यांवरचे क्रमांक ओळीने चालत आलेत, त्यावरून साल कळतं. साठच्या दशकातल्या गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या वाद्यांचे क्रमांक मात्र पुन्हापुन्हा वापरलेले; तिथे खुंट्या, ब्रिज (तारा पेलणारी पोटावरची घोडी), आतल्या पट्ट्या हाच पुरावा. गिब्सनचे रचनाकार लॉइड लोअर यांची सही असलेलं, १९२२ ते १९२४ मधलं एफ-५ मेंडोलिन अजून आमच्या हाती आलेलं नाही. यावं, अशी फार इच्छा आहे.

गिऱ्हाईक हमखास विचारतं, “ब्राझिलियन रोझवूड आहे का?” गिटारच्या पाठीला आणि बाजूंना लागणारं हे लाकूड. मार्टिनने १९६९ मध्ये ते सोडून आपली शिसवी घेतली. माझ्या मते शिसवीला कमी लेखायचं काहीच कारण नाही. तिचा खर्ज भरदार असतो. शिवाय ब्राझिलियन लाकडावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आहे, त्यामुळे तसं वाद्य परदेशी पाठवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

प्रत्येक वाद्यासोबत काय मूळचं, काय बदललेलं आणि कुठे तडा सांधलाय, हे लिहून देतो. भाव त्यावरच ठरतो. पावसाळ्यात खरेदी बंद असते, कारण फुगलेल्या लाकडात तडे मिटून जातात. विकायचं असेल तर दिवाळीनंतर घेऊन या. तारा सैल करून आणा, पण काढू नका.