घड्याळाच्या दोन गोष्टी : वंशावळीच्या छंदाची सातवी नोंद

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दोन महिन्यांत पाचवी पिढी पुरी करतो. झाली नाही. १६ जागांपैकी ९ अजून रिकाम्याच आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : मी क्रमांकांची जुनी पद्धत वापरतो. आपण १, वडील २, आई ३. कुणाचाही क्रमांक दुप्पट केला की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. मिखाएल आयट्झिंगरने ही १५९० साली छापली आणि एवढी सुटसुटीत दुसरी मला तरी सापडलेली नाही. खोट एकच, या पद्धतीत भावंडांना क्रमांक नाही. म्हणजे आत्याला नाही, काकांना नाही. आणि माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त गोष्टी त्या दोघांच्याच तोंडच्या! शेवटी २-क, २-ख अशी अक्षरं लावून दोघांना कडेला बसवलंय. पद्धतीत बसत नाही, पण माणसं हरवण्यापेक्षा बरं.

आता कॅसेट. वरच्या चिठ्ठीवर नुसतं ‘आजी’ एवढंच. लावली तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, मधूनच नाहीसा होणारा. मी टेप खराब झाली म्हणून हात टेकले होते. मग उजेडात धरून पाहिली. टेपच्या मागे एक बारीक पट्टी असते आणि तिच्यावर फेल्टचा चिमुकला चौकोन. तो टेपला हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. गोंद सुकून तो चौकोन गळून पडला होता, बाकी काही नाही. कॅसेट पाच स्क्रूंची होती, म्हणून दोन्ही चक्र्या उचलून दुसऱ्या कवचात बसवता आल्या. चिकटवून बंद केलेली असती तर कापावी लागली असती. लावण्याआधी मागच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडले, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जायला नको. ही गोष्ट विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, त्याबद्दल बोलायची इच्छा नाही.

तरी आवाज बोदाच होता. हेडच्या शेजारचा, त्याचा कोन बदलणारा स्क्रू हळूहळू फिरवत गेलो, अगदी केसभर, आणि एका जागी आजीचा ‘स’ एकदम कानावर आला. तिथेच थांबलो आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल अशी उतरवली. ३१ मिनिटांचे साधारण २७० एमबी झाले. एमपी३ करून जागा वाचवू नका. ऐकायला हवी तर वेगळी प्रत काढता येते, मूळ फाइल मात्र जशीच्या तशी राहू द्या. शेवटचं वाक्य आहे, ‘‘बंद कर रे ते आता, संपत नाही का तुझं?’’

आता मुख्य गोष्ट. पणजोबांचं खिशातलं घड्याळ. आत्या म्हणते, त्यांनी पहिल्या पगारातून घेतलं. काका म्हणतात, छे, मित्राने उसने पैसे फेडता येईनात म्हणून दिलं. दोघंही तितक्याच ठामपणे सांगतात. माझी आधीची सवय अशी की जास्त पटेल ती गोष्ट नोंदवायची आणि दुसरी सोडून द्यायची. ती सवय सोडली. दोन्ही ठेवल्या, प्रत्येकीखाली कुणी सांगितली, कधी, कुणाकडून ऐकलेली. जेडकॉम फाइलमध्येही (वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याचा ठरलेला फाइल-प्रकार) एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा ठेवता येतात, ज्यावर जास्त भरवसा ती वर. मग गोष्टींना वेगळा न्याय कशाला?

गंमत पुढेच आहे. भाच्याला मी याआधी ‘माहीत आहे का?’ ही प्रश्नावली दिली होती. एमोरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ मध्ये केलेली, हो-नाही उत्तरांचे २० प्रश्न : आईवडील कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वासही जास्त दिसला, असं त्यांचं निरीक्षण. उत्तरं घोकून तसं होतं, असा त्यांचा दावा नाही. भाच्याने सहा ‘हो’ लिहिले, कागद परत दिला आणि खेळायला पळाला. माझी वंशावळही त्याने एकदाच पाहिली, तीसुद्धा स्वतःचं नाव शोधण्यापुरती. पण ‘‘आत्याआजी आणि काकाआजोबांपैकी कुणीतरी चुकतंय’’ एवढं ऐकल्यावर तो थांबला. कोण चुकतंय, हे त्याला शोधायचं होतं.

घड्याळाचं मागचं झाकण त्यानेच उघडायला लावलं. दुरुस्ती करणारे कारागीर आतल्या बाजूला टोकदार हत्याराने बारीक खुणा करून ठेवत. भिंग लावून, दिवा तिरपा धरून पाहिलं तर तीन खुणा निघाल्या. एकीत साल होतं आणि ते पणजोबांच्या पहिल्या नोकरीच्या सहा वर्षं आधीचं. म्हणजे घड्याळ त्यांच्याकडे आलं तेच वापरलेलं. आत्याची गोष्ट पडली? नाही, पहिल्या पगारातून जुनं घड्याळही घेता येतं. काकांची सिद्ध झाली? तीही नाही. भाचा चांगलाच वैतागला.

बाकीचं थोडक्यात. फोटो ६०० डीपीआयवर टिफमध्ये स्कॅन करतोय, पाठीमागचा मजकूर धरून. चिकट पानांच्या अल्बममधले आधी घ्या, तो चीक फोटो खातो. जेडकॉमच्या जुन्या फाइलमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली होती. २०२१ ची ७.० आवृत्ती फक्त यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत, वापरते, तिच्यात नावं नीट राहिली. प्रती तीन, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

घड्याळाच्या फोल्डरमध्ये आता चार फाइली आहेत : आत्या, काका, झाकणाचा फोटो, आणि चौथी भाच्याने आपणहून केलेली. तिच्यात तो आत्याला विचारतोय, ‘‘नवं होतं असं तुला कोण म्हणालं?’’ अकरा मिनिटांची आहे. कागदावर उतरवायची राहिली आहे.