फिंगरबोर्डवर इपॉक्सीची वेल : माझा अनुभव

घरी घडवलेल्या गिटारच्या फिंगरबोर्डवर (तारा जिच्यावर बोटांनी दाबतात त्या लाकडी पट्टीवर) पहिल्या फ्रेटपासून (पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या तारेपासून) एकविसाव्या फ्रेटपर्यंत चढत जाणारी, पानापानांची एक वेल असावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. शिंपल्याच्या जडावकामात तुकडा आणि खोबण या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कापून एकमेकींशी जुळवाव्या लागतात, आणि देठासारखी बारीक रेघ शिंपल्यातून कापताना हमखास तुटते. इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन, ओतल्यावर खोबणीचाच आकार घेते, म्हणून मी ती निवडली.

गिटारची स्केल (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) 648 मिमी, फिंगरबोर्ड शिसवी, जाडी 6 मिमी. नटपासून (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) पहिल्या फ्रेटपर्यंतचे अंतर 36 मिमीहून थोडे अधिक असते, तर अकराव्या आणि बाराव्या फ्रेटमध्ये जेमतेम 19 मिमी उरतात. त्यामुळे वर जाताना पाने लहान होत गेली, आणि खरे सांगायचे तर त्यामुळेच ती वेल जिवंत वाटू लागली.

माझा पहिला फिंगरबोर्ड वाया गेला, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्याजोगे आहे. सपाट फळीवर मी राउटरने (फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) सगळीकडे 1.5 मिमी खोल खोबणी कोरल्या, त्या भरल्या आणि नंतर फळीला 12 इंच त्रिज्येचा गोलावा दिला. गोलावा देताना मधली रेषा जवळजवळ जागेवरच राहते आणि कडा खाली जातात, हे मला ठाऊक होते; पण किती खाली जातात याचा हिशेब मी केला नव्हता. 56 मिमी रुंदीच्या टोकाला कडेचे जवळपास 1.3 मिमी लाकूड निघून जाते, तर 43 मिमी रुंदीच्या नटपाशी सुमारे पाऊण मिमी. साहजिकच वरच्या फ्रेटांकडची कडेची पाने कागदाइतकी पातळ उरली आणि दोन तर घासताना पुसलीच गेली.

दुसऱ्या वेळी आधी गोलावा देऊन मग ओतावे, हाही विचार केला. परंतु इपॉक्सी पाण्यासारखी स्वतःची पातळी शोधते, त्यामुळे गोल पृष्ठभागावर ती उताराने कडेकडे वाहते. म्हणून फळी सपाटच ठेवून मधल्या पट्ट्यात 1.5 मिमी आणि कडेच्या पानांसाठी 2.5 मिमी, अशा दोन खोली ठेवल्या. पानांची टोके राउटरच्या बिटने (पात्याने) गोलच राहतात. ती अणकुचीदार करण्यासाठी धारदार सुरीने एकेक कोपरा हाताने काढला. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या, आणि वेलीचे सौंदर्य बहुतांशी तिथेच ठरले असे मला वाटते.

रंगाची चाचणी उरलेल्या तुकड्यावर घेतली, हे बरे झाले. पारदर्शक हिरवी इपॉक्सी शिसवी लाकडावर काळीच दिसली. अभ्रकाची पूड मिसळल्यावर चमक आली, पण पातळ मिश्रणात ती पूड तळाशी बसली आणि घासल्यावर वर नुसता काचेसारखा थर राहिला. त्यासाठी अपारदर्शक रंगद्रव्य आणि अभ्रकाची पूड दोन्ही घातली, आणि मिश्रण किंचित दाट होईपर्यंत थांबून मगच ओतले. रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा द्रव) यांचे प्रमाण आकारमानाने वेगळे आणि वजनाने वेगळे असते. थोडे मिश्रण करताना काट्यावर वजन करणे अधिक अचूक असते, मात्र डब्यावरचे वजनाचेच प्रमाण पाळावे लागते. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच, कारण इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सुटत नाही.

शिसवीच्या उघड्या छिद्रांतली हवा हा बुडबुड्यांचा मुख्य उगम असतो. फळी आधी कोमट केली, उष्णता काढून घेतली आणि ती निवत असताना रंगहीन इपॉक्सीचा पातळ हात खोबणींतून फिरवला. लाकूड थंड होताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सी छिद्रांत ओढली जाते. हा थर चिकट असतानाच रंगीत मिश्रण टूथपिकने देठांत सोडले आणि पृष्ठभागाच्या थोडे वर येईल इतके भरले.

तीन दिवस फळीला हात लावला नाही; गोलावा त्यानंतरच दिला. घासताना घाई केली तर इपॉक्सी तापून मऊ होते आणि पॉलिश पेपर भरून जातो, त्यामुळे 80 नंबरपासून 600 नंबरपर्यंत हलक्या हाताने, मास्क लावून आणि पेपर वारंवार झटकत काम केले.

फ्रेटच्या खाचा ओतण्यापूर्वी फक्त 1 मिमी खोल, खुणेपुरत्या कापल्या होत्या; त्या आता पूर्ण खोलीपर्यंत नेल्या. इथे एक गोष्ट ध्यानात आली. फ्रेटच्या पात्यावरचे बारीक दाते लाकडात रुतून बसतात, कारण लाकूड थोडे दबते. घट्ट झालेली इपॉक्सी तशी दबत नाही आणि तडकते. वेल जिथे खाच ओलांडते तेवढ्या भागात बारीक कानशीने खाच किंचित रुंद केली आणि फ्रेट हातोडीने ठोकण्याऐवजी क्लॅम्पने दाबून बसवले. एकाही पानाला तडा गेला नाही.

नवव्या फ्रेटपाशी एक बुडबुडा मात्र घासताना उघडा पडला. त्यात त्याच रंगाचा थेंब सोडून, तो पूर्ण घट्ट झाल्यावर पुन्हा सपाट केला. शेवटी जवसाच्या तेलाचा एक हात दिला आणि इपॉक्सीवरचे तेल लगेच पुसून काढले. लाकूड गडद झाले, आणि आतापर्यंत धुळीत फिकी दिसणारी वेल नटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकसंध उठून दिसली.