मोर्च्यात काय मिळतं विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय वन्सं, आणि तुम्ही एकट्याच नाही, पुण्याहून जो येतो तो वाटीतलं श्रीखंड संपायच्या आत हेच विचारतो, की ह्या वयात उन्हात जाऊन हाय हाय ओरडून मिळतं काय, तुमच्या गुजरातेत तर सगळं छानच असतं ना.

आमचं घर जुन्या बडोद्यात, मांडवीपासून चालत. मागच्या उन्हाळ्यात नळाला पहिली दहा मिनिटं कोऱ्या चहासारखं पाणी यायला लागलं, वास तर विचारूच नका. कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत तळाला बोटभर काळा गाळ. फोनवर कंप्लेंट केली, नंबर मिळाला, तिसऱ्या दिवशी मेसेज, 'आपनी फरियादनो निकाल करवामां आव्यो छे'. आता गुजरातीत निकाल म्हणजे निपटारा, पण आमचे हे चष्मा लावून वाचतात आणि विचारतात, मग पास कोण झालं? (तशी आपली मराठीही निकाल लावला म्हणते ते काही उगाच नाही.)

मग शहाणी माणसं करतात तेच केलं, प्लंबर बोलावला, टाकी धुतली, आरओचं फिल्टर बदललं, प्यायला वीस लिटरचा जग लावला, आणि पाणीपट्टी भरायची ती भरलीच. शेजारीपाजारी कुठे बोललो नाही, कारण घाण पाणी म्हणजे आपलीच टाकी घाण असं वाटतं, लाजच वाटते थोडी.

त्यात एक दिवस भाजीला निघाले तर गल्लीतल्या बायका माटलं, म्हणजे मातीचा माठ, घेऊन वॉर्ड ऑफिसकडे चाललेल्या. पाण्यासाठी माटलं फोडायचं ही आमच्याकडची रीतच आहे. मीही गेले, पिशवीसकट. साहेब साईटवर होते, साहेब नेहमी साईटवरच असतात, म्हणून दोन तास पायरीवर बसलो, आणि खरं जे काय झालं ते त्या पायरीवर झालं. एक म्हणाली मी टाकी धुतली, दुसरी म्हणाली मी पण, मोजलं तर सतरा घरं निघाली, प्लंबरही तोच, आणि त्यानं प्रत्येकीला सांगितलेलं की घाण तुमच्याच टाकीत आहे!! मग एकीनं मुलाच्या वहीच्या पानावर गल्ली काढली, कुणाकडे घाण येतं तिथे फुली, तर किराणावाल्याच्या दुकानाअलीकडे एकही फुली नाही आणि पलीकडे फुल्याच फुल्या. त्याच दुकानासमोर मागच्या वर्षी रस्ता खणून 'नवीन लाईन'चा बोर्ड लावला होता, आकडा-बिकडा लिहून. परत खणल्यावर निघाला तोच जुना गंजका पाईप, ड्रेनेजला चिकटून, सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कॉन्ट्रॅक्टरचं बिल कधीच पास झालेलं.

म्हणजे काय मिळालं सांगू का, माझी टाकी घाण नव्हती हे मिळालं. ते घरात बसून कळलंच नसतं. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बघा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकच पाणी, कुणाला काही समजवावं लागलं नाही, बघायला आलेल्या पुढाऱ्यांना लोकांनी तिथल्या तिथे धारेवर धरलं. आणि उलटं बघायचं तर गंभीरा पूल. 1985 चा पूल, 2022 मध्ये जिल्हा पंचायतीच्या एका सदस्यानं धोका आहे म्हणून लेखी कळवलेलं, पण एक माणूस, एक कागद. 9 जुलै 2025 ला सकाळी तो गाड्यांसकट महीसागर नदीत कोसळला, वीस-एक माणसं गेली, मग सगळे जमले. हरणी तलावाचंही तेच, 18 जानेवारी 2024, सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, मेणबत्त्या नंतर. ह्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

आणि गुजरातेत कोणी काही बोलत नाही हे तर सांगूच नका. नवनिर्माण आंदोलन कशावरून पेटलं? डिसेंबर 1973, अहमदाबादचं एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेज, होस्टेलच्या मेसचं बिल वाढलं म्हणून! प्रत्येक पोराला वाटलं असणार माझंच पाकीट रिकामं, पण महागाई घरोघरची निघाली आणि 9 फेब्रुवारी 1974 ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. मी तेव्हा अकरा वर्षांची, आई गॅलरीत थाळी बडवायची, ती पोचे पडलेली थाळी अजून माझ्याकडे आहे, कणीक त्यातच मळते.

सगळं मिळतं असं नाही हं. पाणी आता बरं येतं, पण कॉन्ट्रॅक्टर तोच आहे आणि खड्डा बुजवलेला नाही, परवा दूधवाल्याची स्कूटर त्यात गेली, दूध रस्ताभर. सोमवारी साडेदहाला जमायचंय. पोळ्या आदल्या रात्रीच करून ठेवते, तुम्ही तेव्हा इथेच असाल तर चला, फक्त पाण्याची बाटली घ्या, साहेब साईटवर असणार.