लिफ्ट-दुरुस्तीची कामे मोबाइलवर वाटताना: माझा अनुभव

पुण्यातील एका लिफ्ट-देखभाल संस्थेत तंत्रज्ञांना कामे वाटून देण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. फोनाफोनी करून चालणारे हे काम व्यवस्थापनाने एका ॲपकडे सोपवले. तंत्रज्ञ कोठे आहे, त्याची पाळी चालू आहे का, हातात दुसरे काम आहे का आणि ती लिफ्ट त्याला दुरुस्त करता येते का, हे पाहून तक्रार योग्य माणसाच्या मोबाइलवर आपोआप जावी, अशी ही व्यवस्था. इमारतींची यादी भरणे, सर्वांची नोंदणी करणे यांत काहीच अडचण आली नाही.

अडले ते ठिकाणापाशी. पडद्यावर कोथरूडमध्ये दिसणारा तंत्रज्ञ प्रत्यक्षात हडपसरला पोहोचलेला असे आणि कोथरूडची तक्रार त्याच्याच नावावर पडे. पुरवठादाराच्या मदत-कक्षाला कळवले की ते स्क्रीनशॉट मागत, ॲप काढून पुन्हा टाकायला सांगत आणि ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून तक्रार बंद करत. पुढच्या वेळी फोन उचलणाऱ्याला आधीचे काहीच ठाऊक नसे. शेवटी मी तंत्रज्ञांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन समोर घेऊन बसलो, तेव्हा कारण उलगडले. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, पडद्याआड, म्हणजे समोर उघडे नसताना, चालणाऱ्या ॲपला ताशी मोजक्याच वेळा नवे ठिकाण मिळते. अँड्रॉइड १० मध्ये पडद्याआड ठिकाण पाहण्यासाठी वेगळी परवानगी आली आणि अँड्रॉइड ११ पासून ती विचारणा-खिडकीतून न मिळता सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. त्यावर कहर म्हणजे काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी असे ॲप परस्पर बंदच करून टाकतात. हे सारे जाहीर माहितीत उपलब्ध असताना मदत-कक्षातील कोणालाही ते सांगावेसे वाटले नाही, याचा राग अजून गेलेला नाही. व्यवस्थापनाने पुढचा हप्ता रोखण्याचे लेखी कळवल्यावर मात्र पाळी असेपर्यंत सूचनापट्टीत सतत दिसणारी आणि ठिकाण ताजे ठेवणारी आवृत्ती बऱ्याच चपळाईने आली.

तरीही प्रत्येक फोनवर ‘नेहमी परवानगी’ द्यावी आणि बॅटरीचे निर्बंध काढावेत. हे काम तंत्रज्ञावर न सोपवता स्वतः करून घ्यावे. पाळी संपताच ठिकाण पाहणे थांबते, हे त्यांना फोनवरच दाखवावे, नाहीतर ते लोकेशन बंद करून ठेवतात आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर ॲपच्या भरवशावर न राहता थेट फोन करावा. हे खरे तर सर्वांत आधी सांगायला हवे होते. तंत्रज्ञ जिच्या आत आला की ॲप त्याची हजेरी लावते, ती इमारतीभोवतीची हद्द निदान १०० मीटर त्रिज्येची ठेवावी. पुरवठादाराने ती फारच आवळली होती, त्यामुळे माणूस पोहोचूनही हजेरी लागत नसे. तळघरात नेटवर्क नसते, म्हणून कामाची नोंद आधी फोनमध्ये साठून नंतर जाईल अशी सोय आहे ना, हे खरेदीपूर्वीच तपासावे.

जवळचा माणूस सरळ रेषेतील अंतरावरून निवडला जात असेल, तर पुण्यात मुठा नदी आडवी येते. सिंहगड रस्त्यावरचा तंत्रज्ञ कर्वेनगरच्या कामासाठी नकाशावर अगदी शेजारी दिसतो, पण त्याला राजाराम पुलाला वळसा घालून यावे लागते. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर डेक्कन आणि नारायण पेठ यांना जोडणारा भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा या दोन्ही भागांची कामे मी अजूनही स्वतःच वाटतो.